सोने गहाण ठेवण्याआधी जुना कॅमेरा एकदा नीट पारखून पाहावा

प्रति,
माननीय संपादक

विषय : व्यावसायिक मिररलेस कॅमेरा आणि जुना, सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर यांच्यातील खरा फरक

महोदय,

तुळशीचे लग्न लागले की सोलापुरातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि त्याच सुमारास छायाचित्रणाच्या व्यवसायात उतरू पाहणारी तरुण मुले कॅमेऱ्यांच्या दुकानांचे उंबरठे झिजवू लागतात. गेली अकरा वर्षे मी या शहरात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढते, त्यामुळे दर मोसमात अशी दोन-तीन मुले-मुली सल्ला विचारायला माझ्याकडे येतात. या वेळी आलेल्या एका मुलाची हकिकत ऐकल्यावर मात्र हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना.

या मुलाकडे नातेवाइकाने दिलेला कॅनन ईओएस १२००डी हा सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा आहे. त्याचे वडील पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करतात. एका दुकानात त्याला सांगण्यात आले की हा कॅमेरा आता भंगारात गेल्यातच जमा आहे, लग्नाची कामे हवी असतील तर फुल फ्रेम (प्रकाश टिपणारा मोठा सेन्सर असलेला) मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेराच घ्यावा लागेल, आणि पैशांची अडचण असेल तर हप्ते पाडून मिळतील. घरात विचारविनिमय होऊन आईच्या अंगावरचे सोने तारण ठेवायचे ठरले होते. योगायोग असा की मी २०१४ साली माझ्या बचतीतून घेतलेला पहिला कॅमेरा हाच १२००डी होता, तो आजही माझ्याकडे चालू स्थितीत आहे, आणि २०२३ पासून मी कॅनन ईओएस आर६ मार्क टू हा मिररलेस कॅमेरा व्यवसायासाठी वापरते. तेव्हा त्या मुलाला तोंडी सल्ला देण्याऐवजी दोन्ही कॅमेरे त्याच्या हातात दिले आणि आम्ही चार दिवस एकाच जागी, एकाच प्रकाशात, जमेल तिथे एकाच लेन्सने छायाचित्रे काढली.

नव्याची बाजू आधी मांडते, कारण ती खरी आहे. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडून वर वळतो आणि तिथून व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत येतो. महागड्या डीएसएलआरमध्ये वर काचेचा भरीव लोलक असतो, तर १२००डीसारख्या स्वस्त कॅमेऱ्यात काटकसर म्हणून आरशांचीच रचना बसवलेली असते, त्यामुळे आतले दृश्य लहान आणि काहीसे मंद दिसते. चौकटीचा ९५ टक्के भागच डोळ्याला दिसतो, म्हणून चित्र काढल्यावर कडेला कुणाचा तरी कोपर आत आल्याचे कळते. फोकस ठरवणारा भाग कॅमेऱ्याच्या तळाशी वेगळा असतो. त्याचे आणि सेन्सरचे माप केसभर जुळले नाही, तर नवरीच्या डोळ्यांऐवजी तिच्या कानातले झुबे स्पष्ट येतात, आणि हा दोष कॅमेऱ्यातच दुरुस्त करण्याची सोय या श्रेणीत दिलेली नाही. मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने सेन्सर सतत दृश्य पाहत असतो आणि फोकसही तिथेच ठरतो. त्यामुळे ही चूक होण्याचे कारणच उरत नाही.

याचा सर्वांत मोठा लाभ मला सिद्धेश्वराच्या यात्रेत जाणवला. जानेवारीत संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याला दुपारच्या उन्हात पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतला जनसमुदाय उभा असतो. इतके पांढरे समोर आले की कॅमेऱ्याचा प्रकाशाचा अंदाज चुकतो. एकतर सगळे करडे येते, नाहीतर ते सुधारायला जावे तर कापडाच्या चुण्या नाहीशा होऊन नुसता पांढरा डाग उरतो. जुन्या कॅमेऱ्यात चित्र काढायचे, मागच्या पडद्यावर उन्हात हाताचा आडोसा धरून पाहायचे आणि मग बदल करायचा, एवढ्यात अक्षता पडून गेलेल्या असत. मिररलेसच्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र कसे येणार आहे ते बटण दाबण्याआधीच दिसते. जुना सेकंदाला तीन चित्रे घेतो आणि नवा यांत्रिक शटरने बारा. हवेतल्या अक्षता आणि वर गेलेले हात एकाच चौकटीत सापडण्यासाठी हा फरक क्षुल्लक नाही. माझ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटरने सेकंदाला चाळीसपर्यंत चित्रे येतात, पण कार्यालयातल्या एलईडी भिंतीसमोर ते वापरले की चित्रावर आडवे पट्टे उमटतात, म्हणून तिथे मी यांत्रिक शटरच वापरते. जाहिरातीतला चाळीसचा आकडा ऐकून हुरळणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट दोन कार्डांची, आणि या बाबतीत मला तडजोड मान्य नाही. १२००डीमध्ये एकच कार्ड बसते. सुरुवातीच्या वर्षांत एका घरच्या हळदीचे माझे कार्ड ऐन वेळी बिघडले आणि अर्ध्याहून अधिक चित्रे गेली. मी पूर्ण पैसे परत केले, त्या माउलीची क्षमा मागितली, पण हळद काही पुन्हा लागत नाही. तेव्हापासून माझे ठाम मत आहे की पुन्हा न घडणाऱ्या प्रसंगाची जबाबदारी जो पैसे घेऊन स्वीकारतो, त्याच्या हातात प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा असलाच पाहिजे. मात्र ही सोय वरच्या श्रेणीतल्या डीएसएलआरमध्येही अनेक वर्षे आहे आणि असे वापरलेले कॅमेरे आज मिररलेसच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात. दोन कार्डे हवीत म्हणून मिररलेसच हवा, असे होत नाही.

आता प्रकाशाविषयी. दुकानातला सारा जोर 'फुल फ्रेम' या शब्दावर असतो, म्हणून त्याचे गणित मांडते. १२००डीचा सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, तर फुल फ्रेम सेन्सर सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ जवळजवळ २.६ पट. मोठ्या परातीत पावसाचे पाणी अधिक साठते तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाशही अधिक जमतो, त्यात मधल्या आठ वर्षांतल्या सुधारणांची भर पडते, आणि माझ्या अनुभवात जुन्याचे आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी) १६०० चे चित्र आणि नव्याचे ६४०० चे चित्र स्वच्छतेत साधारण एकाच पातळीवर येतात. म्हणजे चौपटीचा फरक. पण त्या मुलाच्या कॅमेऱ्यावर जी १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी लेन्स होती, ती ५५ मिलिमीटरला फार तर एफ ५.६ इतकीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे). त्याजागी ५० मिलिमीटरची एफ १.८ ही लेन्स लावली, तर आत येणारा प्रकाश नऊ ते दहा पट होतो. सोने गहाण टाकून बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलण्याने मिळणाऱ्या लाभापेक्षा, वापरलेली घेतली तर काही हजारांत मिळणाऱ्या एका लहानशा लेन्सने मिळणारा हा लाभ मोठा आहे, आणि ही साधी गोष्ट त्याला दुकानात कोणीही सांगितली नव्हती.

हे पडताळण्यासाठी आम्ही त्याच्या वडिलांच्या कारखान्यात गेलो. मालकांनी आनंदाने परवानगी दिली. आत ट्यूबलाइटचा फिकट उजेड, हवेत सुताचे तंतू आणि मागावर आडवा धागा घेऊन सणसणत जाणारा धोटा. धोटा थिजवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास हवे. किट लेन्सने जुन्या कॅमेऱ्यात हे चित्र निघणे शक्यच नव्हते. त्याचा आयएसओ १२८०० च्या पुढे जात नाही आणि तिथे गरज त्याच्या दुपटीहून अधिकची होती. ५० ची लेन्स लावताच आयएसओ ३२०० वर चित्र आले. ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असल्याने काही चौकटी उजळ आणि काही काळपट आल्या, तो त्रास दोन्ही कॅमेऱ्यांत होता, फक्त नव्यात लुकलुकण्याचा ताल धरून चित्र घेण्याची सोय आहे. एफ १.८ ला फोकसची पट्टी फार अरुंद होते, त्यामुळे जुन्याच्या नऊ फोकस बिंदूंपैकी मधलाच भरवशाचा धरून मुलाला काम करावे लागले. दहापैकी सहा चित्रे नीट आली. नव्याची नऊ आली. व्यवसायात तो तीन चित्रांचा फरक मोलाचा आहे हे मान्यच, पण शिकणाऱ्या मुलाने त्या चार बिघडलेल्या चित्रांकडे पाहून हात आणि श्वास कसा धरायचा, हे त्याच दुपारी आत्मसात केले.

नंतर आम्ही नान्नजला गेलो. माळढोकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गवताळ माळावर काळवीट रस्त्यावरूनही दिसतात. इथे जुन्या कॅमेऱ्याने मलाही चकित केले. माझी ७०-३०० ची एकच लेन्स आम्ही आळीपाळीने दोन्ही बॉडींना लावली. जुन्याचा सेन्सर लहान असल्याने तो दृश्याचा मधलाच भाग टिपतो, आणि तेवढ्या भागावर त्याचे पूर्ण १८ मेगापिक्सेल खर्ची पडतात. नव्याच्या चित्रातून तेवढाच भाग कापून काढला तर साधारण नऊ मेगापिक्सेल उरतात. सकाळच्या स्वच्छ उन्हात स्वस्थ उभ्या असलेल्या काळविटाच्या शिंगांची वळी जुन्याच्या चित्रात अधिक बारकाईने मोजता येत होती. कळप उधळला तेव्हा मात्र चित्र पालटले. जुन्याचा फोकस पुढच्या गवताच्या पात्यांत अडकून बसला, आणि नव्याने गवतामागचा प्राण्याचा डोळा ओळखून तो सोडला नाही. आरशाच्या खटक्याने एक मादी मान वर करून आमच्याकडे पाहू लागली, हेही सांगायला हवे. नव्याचे शटर पूर्ण मूक करता येते.

हेच नऊ मेगापिक्सेल हप्त्यांवर कॅमेरा घेणाऱ्यांना वेगळ्या रीतीने फसवतात, आणि याबद्दल मला मनापासून राग येतो. माझ्यासारख्या मिररलेसच्या एकट्या बॉडीलाच मोठी रक्कम लागते. तिच्या तोलाची २४-७० एफ २.८ लेन्स घ्यायची तर जवळजवळ तेवढेच आणखी लागतात. इतके पैसे नसल्यावर दुकानदार सांगतो की तुमची जुनीच किट लेन्स अडॅप्टर लावून चालेल. ती चालते, यात खोटे काही नाही. जुन्या माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या कड्यात) लेन्सपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असते आणि नव्यात २०, मधले २४ मिलिमीटर हे पोकळ अडॅप्टर भरून काढते. पण ती किट लेन्स लहान सेन्सरसाठीच घडवलेली असल्याने नवा कॅमेरा आपोआप सेन्सरचा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा नऊच मेगापिक्सेल देऊ लागतो. म्हणजे घरचे सोने गहाण टाकून हा मुलगा १८ वरून ९ वर आला असता, मोठ्या सेन्सरचा प्रकाशाचा लाभही गमावून बसला असता, आणि लेन्सचे तोंड होते तेवढेच अरुंद राहिले असते.

अल्बमसाठी किती पिक्सेल लागतात, याविषयीही फार गैरसमज आहेत. आपल्याकडच्या लग्नाच्या करिझ्मा अल्बमचे दुपानी माप बहुधा १२ बाय ३६ इंच असते, म्हणजे एका पानाला १२ बाय १८. १२००डीचे चित्र ५१८४ पिक्सेल रुंद आहे. १८ इंचांवर ते इंचाला २८८ पिक्सेल भरते, आणि छपाईत ३०० हा आदर्श धरला जातो. हा फरक डोळ्याने कळत नाही. आपल्याच दैनिकाचे उदाहरण घ्यायचे तर पहिल्या पानाच्या पूर्ण रुंदीचे छायाचित्र साधारण १३ इंचांचे होते आणि वृत्तपत्राच्या कागदावर इंचाला २०० पिक्सेल भरपूर होतात, म्हणजे गरज २६०० ची. २०१४ सालचा स्वस्त कॅमेरा त्याच्या जवळजवळ दुप्पट देतो.

चार दिवसांच्या चित्रांतून सहा जोड्या निवडून आम्ही त्या १२ बाय १८ मापात छापून घेतल्या आणि कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे हे न सांगता मुलाच्या वडिलांसमोर ठेवल्या. आयुष्य मागावर काढलेल्या माणसाची नजर कापड पाहायला सरावलेली असते. तलावाकाठी सकाळी काढलेली जोडी, भुईकोट किल्ल्याच्या तटाची जोडी आणि काळविटाची जोडी त्यांनी पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहिली आणि दोन्ही सारखीच आहेत असे सांगितले. कार्यालयातल्या रात्रीच्या जोडीपाशी मात्र त्यांचे बोट क्षणात जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रावर, नवरदेवाच्या काळ्या शेरवानीवर गेले. "ताई, या अंधारात सूत दिसत नाही, नुसती भुकटी दिसते," असे ते म्हणाले. छायाचित्रकार ज्याला नॉइज म्हणतात त्याचे इतके नेमके वर्णन मी कुठे ऐकले नव्हते. कारखान्यातल्या धोट्याच्या चित्रात त्यांना भुकटी दिसली, पण ते चित्र त्यांनी बाजूला काढून घरी लावायला मागून घेतले.

कॅमेऱ्यांचा प्रवास कोणत्या दिशेने चालला आहे, याविषयी माझा वाद नाही. पहिला मिररलेस २००८ मध्ये आला, सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम मिररलेस आणला, २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन त्या वाटेवर आले, आणि आता नवे संशोधन तिकडेच होते. पण कंपनीने नवे मॉडेल काढणे थांबवले म्हणून हातातला कॅमेरा चित्रे काढणे थांबवत नाही. जुन्याची बॅटरी मला एका कार्यक्रमभर पुरते, तर मिररलेसला लग्नाच्या दिवशी तीन लागतात, कारण त्याचा सेन्सर आणि पडदा सतत जागा असतो. होम मैदानासारख्या धुळीच्या जागी लेन्स बदलताना जुन्यातला आरसा आणि शटर सेन्सरच्या पुढे असतात, नव्यात सेन्सर उघड्यावर येण्याची भीती अधिक. या गोष्टी लहान आहेत, पण जाहिरातीत त्या नसतात.

लग्नघरच्या मंडळींनाही एक विनंती आहे. अलीकडे काम ठरवताना "तुमच्याकडे मिररलेस आहे का?" हा प्रश्न पहिला येतो, आणि त्याच धास्तीने मुले कर्जात उतरतात. त्याऐवजी एका लग्नाचा पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंतचा संपूर्ण अल्बम पाहायला मागावा, रात्रीच्या वरातीची चित्रे पाहावीत, आणि कार्ड बिघडले तर काय व्यवस्था आहे, हे स्पष्ट विचारावे. या तिन्हींची उत्तरे बॉडीवरच्या नावापेक्षा अधिक काही सांगतात.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे आहे. यात्रेच्या काळात वाचकांनी पाठवलेली छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून येतात, आणि शहरातली मुले ती कापून ठेवतात. त्या चित्रांखाली छायाचित्रकाराच्या नावाबरोबर कॅमेरा, लेन्स, ॲपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ एवढा एका ओळीचा तपशील छापला, तर नंदीध्वजाचे आवडलेले चित्र कोणत्या साधनाने आणि कोणत्या प्रकाशात निघाले, हे त्यांना घरबसल्या कळेल. त्यातली काही चित्रे जुन्या, स्वस्त कॅमेऱ्यांची असतील, याची मला खात्री आहे.

मुलाने वापरलेली ५० मिलिमीटरची लेन्स घेतली आणि सोने घरीच राहिले. या मोसमात तो त्याच १२००डीसह माझ्याबरोबर दुसरा छायाचित्रकार म्हणून काम करतो. मुख्य विधी माझ्या दोन कार्डांच्या कॅमेऱ्यावर असतात, आणि पाहुण्यांची, मांडवाची, स्वयंपाकघराची आणि पंगतीची चित्रे तो काढतो. छापलेल्या सहा जोड्यांपैकी धोट्याची त्याच्या वडिलांकडे आहे. उरलेल्या पाच मी आपल्या कार्यालयात आणून देण्यास तयार आहे. कोणते चित्र कोणत्या कॅमेऱ्याचे, हे बंद पाकिटात वेगळे ठेवीन.

आपली विश्वासू,
एक व्यावसायिक छायाचित्रकार,
सोलापूर